दुपट्याचं टोक

प्रसूतिगृहाच्या धुलाईखोलीत ती इतकी वर्षं होती, की तिचं खरं नाव पगारापुरतंच उरलं होतं. सगळे तिला घडीमावशी म्हणत. चादर असो, डॉक्टरांचा कोट असो की बाळाचं दुपटं, मावशीच्या हाताखालून गेलं की सुरकुती औषधालाही सापडायची नाही. तोंडाचा पट्टाही तसाच कडक. मोठ्या डॉक्टरीणबाईंनाही ती चार शब्द सुनवायला कमी करत नसे. माणसांनाही इस्त्री करता आली असती तर किती बरं झालं असतं, असं तिचं मत होतं. त्यात ती स्वतःला धरत नसे.

एक काम मात्र ती न बोलता करायची. जिवंत बाळाचं दुपटं हनुवटीखाली थांबतं. जे बाळ रडलंच नाही, त्याच्या दुपट्याचं वरचं टोक तोंडावरून खाली ओढून खोचायचं असतं. वॉर्डात काम करणाऱ्या आयांना ते करवत नसे, म्हणून त्या मावशीला बोलवायच्या. बाळ गुंडाळून झालं की ती त्याच्या आईजवळ जाऊन म्हणायची, "देवाची इच्छा, बाई. मनाला लावून घेऊ नकोस." ते वाक्यही तिच्याकडे घडी घालून तयार असायचं.

त्या वर्षी तिची एकुलती एक लेक तिथेच बाळंत झाली, आणि पोर रडलं नाही. मावशीने नातवाला स्वतः गुंडाळलं. लेक खाटेवरून म्हणाली, "आई, मला दाखव ना."

"नको गं. बघितलंस तर विसरता यायचं नाही. देवाची इच्छा."

पोराला घेऊन मावशी बाहेर गेली, आणि लेकीला ते तोंड दिसलंच नाही.

तेव्हापासून लेक माहेरी राहत होती आणि आईशी बोलत नव्हती. पाण्याचा पेलासुद्धा उठून स्वतः घ्यायची. एकदाच ती बोलली, नाताळच्या आदल्या आठवड्यात. "मरियेला तरी तिच्या लेकराचं तोंड पाहू दिलं होतं ना, आई?" चुकले म्हणावं, असं मावशीला शंभरदा वाटलं. पण दुसऱ्यांच्या चुका काढण्यात हयात गेलेल्या बाईला तो एक शब्द उचलेना. लेक कायमची हातची गेली, या भीतीने तिचा घास गोड लागत नव्हता.

त्यांच्या चर्चमध्ये मांडलेल्या येशूजन्माच्या देखाव्यातली गव्हाणी नाताळच्या सकाळपर्यंत रिकामी असायची. मरिया, योसेफ, मेंढपाळ आणि एक कान तुटलेलं गाढव नुसत्या गवताकडे बघत ताटकळायचे. प्रवचन संपलं की मावशीने प्लास्टरचं बाळ दुपट्यात गुंडाळून तिथे ठेवायचं, हे ठरलेलं होतं. तिच्याइतकं नीट बाळ गुंडाळणारं दुसरं होतं कोण?

लेक त्या दिवशी आली, पण नवऱ्याने फारच गळ घातली म्हणून. शेवटच्या बाकावर बसली.

फादर सांगत होते, "देव आपल्यात आला तो मरण टाळून नव्हे. आज त्याला कापडात गुंडाळलं, पुढे कबरीत ठेवतानाही कापडातच गुंडाळलं. तारण म्हणतात ते हेच. आणि कृपा आधी लायकी विचारत नाही. ती येते."

येत असेल कुणाकडे, मावशीच्या मनात आलं. तिचं सगळं लक्ष मागच्या बाकाकडे होतं. हात आपले सवयीने चालले होते. प्रवचन संपून गाणं सुरू झालं, तसं तिने बाळ गव्हाणीत ठेवलं आणि ती वळली, तर गाणारे मधेच थांबले होते. पुढच्या रांगेतली कुणीतरी पुटपुटली, "अगं बाई, हे काय अभद्र!"

मावशीने मागे पाहिलं. दुपट्याचं टोक बाळाच्या तोंडावरून ओढून खाली नीट खोचलेलं होतं.

फादर पुढे आले आणि थांबले, कारण लेक बाकांमधून चालत येत होती. ती गव्हाणीपाशी गुडघ्यांवर बसली. दोन बोटांनी तिने ते टोक सोडवलं, हनुवटीखाली सारखं केलं, आणि रंग उडालेल्या त्या तोंडाकडे कितीतरी वेळ बघत राहिली.

"आई, माझा कसा होता?"

देवाची इच्छा, एवढं ओठांवर आलं. मावशीने ते गिळलं.

"कपाळ तुझ्या बाबांचं," ती म्हणाली. "केस दाट. हनुवटीला खळी, तुझ्यासारखी. मी एकटीने डोळे भरून पाहिला, आणि तुला पाहू दिला नाही. चुकले गं मी. फार चुकले."

लेकीने माफ केलं म्हटलं नाही. तिने गवतावरचा हात उचलला, आईचा पदर धरून तिला खाली शेजारी बसवलं आणि म्हणाली,

"अजून सांग."