शेवंतीचा निम्मा मुजरा

"हुसेनभाई, हात वर करा."

"केला की!"

केला कसला? माहुताचा हात छातीपाशीच अडकला. समोर शेवंती हत्तिणीनं सोंडही निम्मीच उचलली. माहुताचा हात जेवढा वर, तेवढीच तिची सोंड वर.

हत्तीखान्याचे दरोगा उखडले. "ड्रेसर, दसऱ्याला महाराजांना असा मुजरा? खांदा सुधरत नसंल, तर हत्तीण दुसऱ्या माहुताला देतो!"

हुसेनभाईंचा चेहरा पडला. शेवंती त्यांची लेकच.

मी दरबारच्या दवाखान्यात ड्रेसर. डॉक्टर हाडं जुळवायचे, मी पट्ट्या बांधायचो. जन्म हत्तीवर काढलेले हुसेनभाई पडले ते बोकडाची धडक बसून, स्वतःच्याच उंबऱ्यात. खांदा मोडला. आता, हाड मोडलं की कोल्हापुरात अख्खी पेठ बोकडाच्या पायाचा रस्सा पाठवते. इतका आला, की ओतला असता तर रंकाळा फुटला असता! त्यात बेगम घास भरवायची, शेजारी फेटा बांधायचे. हाड जुळलं, पण न हलवल्यामुळं सांधा आखडला.

डॉक्टर म्हणाले, "मूव्हमेंट पाहिजे. रोज भिंतीवरून बोटं वर चढवा."

हुसेनभाई दवाखान्याबाहेर येऊन म्हणाले, "भिंत काय मुजरा करती व्हय?"

मग मी हत्तीखान्यातल्या खांबावर खडूनं रेघ मारली. सोंड रेघेला लागली तरच शेवंतीला गूळ.

पहिल्या दिवशी सोंड खालीच राहिली. गूळ माझ्या हातात. शेवंतीनं हुसेनभाईंकडं असं बघितलं, की दरोगांनीही डोळे पुसले.

हुसेनभाई कळवळले. "ड्रेसर, पोरीला उपाशी मारतोस?"

"मी न्हाय, तुमचा खांदा मारतोय."

हुसेनभाईंनी दात खाऊन हात रेटला. ओरडले असे, की पन्हाळ्यावर पहारेकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले. पण गूळ मिळाला. रोज मी रेघ बोटभर वर सरकवायचो, रोज पन्हाळा बंद!

दसऱ्याला हुसेनभाई स्वतः फेटा बांधून आले. महाराजांसमोर उभे राहिले आणि हात थेट आभाळात! शेवंतीची सोंड त्याच्याही वर. माणसं टाळ्या पिटायला लागली.

टाळ्या थांबल्या. सोंड खाली येईना. मागं घोडे, उंट, तोफा, सगळी मिरवणूक तटली.

दरोगा माझ्या कानाशी आले. "आता काय अडलं?"

बघतो तर, हुसेनभाई हात वर तसाच धरून खुशीत त्याच्याकडं बघत उभे. डोळ्यांतनं धारा.

"हुसेनभाई, हात खाली घ्या!"

"थांब की रं! किती दिसांनी वर गेलाय!"

महाराजांना हसू आवरेना. शेवटी मीच पळत जाऊन तो हात ओढून खाली घेतला, तेव्हा मिरवणूक हलली.

तेव्हापासून खांद्याच्या पेशंटला मी हात वर न्यायला शिकवतो, आणि खाली आणायलाही.