देवाचं काम करायला कुणी तयार नव्हतं

आमच्या नाट्यसंस्थेत भक्तीची कमतरता कधीच नव्हती. नारळ फोडल्याशिवाय आम्ही तालीम सुरू करत नसू, आणि वाक्य विसरलं की नट आधी छताकडे बघून हात जोडायचा, मग प्रॉम्प्टरकडे बघायचा. इतकी श्रद्धाळू माणसं असल्यामुळेच त्या वर्षी आमची पंचाईत झाली. देवाचं काम करायला कुणी तयार होईना.

संस्था म्हणजे आम्ही आठ जण. सदाशिव पेठेतल्या एका शाळेतला वर्ग आम्हाला संध्याकाळी सहा ते आठ मिळायचा. आमचे दिग्दर्शक त्याच शाळेतून मराठीचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले होते. सगळे त्यांना सर म्हणायचे. कुणी म्हटलं नसतं तर त्यांनी म्हणायला लावलं असतं. दिवस असे होते की शहरात जो तो कॉम्प्युटर शिकत होता. बँकांमधून स्वेच्छानिवृत्तीचे फॉर्म फिरत होते. पेठेतली मुलं अमेरिकेला चालली होती आणि त्यांचे आईवडील ईमेल करायला शिकत होते. सरांनी हे सगळं उचलून एका विनोदी नाटकात घातलं आणि नाटक नेऊन ठेवलं स्वर्गात. देवाच्या कचेरीत कॉम्प्युटर येतो. म्हाताऱ्या देवदूतांना स्वेच्छानिवृत्तीची सक्ती होते. आणि खुद्द देवाला ते यंत्र चालू करण्याचं बटण सापडत नाही. देव कुठला, हे सरांनी हुशारीने कुठेच लिहिलं नव्हतं. पात्रांच्या यादीत नुसतं होतं, ‘देव, वय अनंत’.

पहिल्या वाचनाला आम्ही पोट धरून हसलो. देवाचं काम कुणाचं, हा प्रश्नच नव्हता. संस्थेचे नायक म्हणजे बँकेतले हेड कॅशियर. वीस वर्षं सगळी मोठी कामं त्यांनीच केली होती, त्यात तरुण प्रियकराची धरून. पण दुसऱ्या दिवशी ते पडेल चेहऱ्याने आले.

“आई नको म्हणतेय. मुलीचं लग्न ठरायचंय, अशात देवाची टिंगल नको.”

“टिंगल मी करतोय,” सर म्हणाले. “तुम्ही फक्त वाक्यं म्हणायची.”

“पण ती माझ्या तोंडून येणार ना!”

कॅशियरनी निवृत्त होणाऱ्या देवदूताचं काम मागून घेतलं. मग सरांनी स्टेशनरीच्या दुकानवाल्यांना विचारलं. ते म्हणाले, मी चतुर्थी करतो. होमिओपॅथीच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, देवाचं काही नाही हो, पण पेशंट काय म्हणतील? शेवटी कुणीतरी म्हणालं, सर, तुम्हीच करा. त्यावर सर म्हणाले, लेखकानेच देव होणं बरं दिसत नाही. सरांचा विनय आम्ही तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

तेव्हा मी तोंड उघडलं. मी खडकीला दारूगोळा कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट होते. नाटकात माझं काम धाकट्या देवदूताचं, म्हणजे पंख लावून “आज्ञा, देवा” म्हणण्याचं. आमच्याकडे ड्रॉइंग ऑफिसात एक ड्राफ्ट्समन होता, पस्तिशीचा. कँटीनमध्ये तो साहेबांच्या नकला करायचा. साहेब फाइल कशी उघडतात, न वाचता कशी बंद करतात आणि मग पंख्याकडे बघत सही कशी करतात. लोकांना चहाचा ठसका लागायचा. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्याला गाठलं.

“आमच्या नाटकात काम कराल का? देवाचं आहे.”

“देवाचं?” त्याने कप खाली ठेवला. “मॅडम, तुम्हाला माहितीये ना, आमच्या घरात देव नाही.”

“माहितीये. बाकी सगळ्यांच्या घरात आहे, त्यामुळेच अडलंय.”

तो इतका हसला की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली.

त्याचं घराणं नागपूरकडचं, बौद्ध. वडिलांनी कोवळ्या वयात, छप्पन साली, आईबापांबरोबर नागपूरला दीक्षा घेतली होती. घरी परत आल्यावर देव्हाऱ्यातले देव टोपलीत भरून नदीत सोडायचं काम त्यांच्याकडे आलं होतं, आणि ते त्यांनी एकट्याने केलं होतं. पुढे नोकरीला म्हणून ते खडकीला आले आणि निवृत्त होऊन तिथेच राहिले. आता त्यांचा मुलगा देव होणार होता.

संध्याकाळी मी त्याला पेठेत घेऊन गेले. सरांनी चष्म्यावरून पाहिलं.

“देव मानता?”

“नाही.”

“कुठलाच?”

“कुठलाच.”

“उत्तम. बसा.”

कॅशियर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “माणूस चांगला आहे हो, पण उच्चारांचं काय?” तेवढ्यात त्याने वाचायला सुरुवात केली. ळ म्हणजे ळ, ण म्हणजे ण. सर डोळे मिटून चूक शोधत होते. दोन पानं झाली तरी सापडेना, तेव्हा त्यांनी जरा नाराजीनेच डोळे उघडले. बटण शोधण्याच्या प्रवेशात तर त्याने कमाल केली. त्याचा देव गोंधळत नव्हता. तो कॉम्प्युटरकडे आमच्या साहेबांसारखा रुबाबात बघायचा, चूक त्या यंत्राचीच असल्यासारखा.

वडिलांना त्याने घरी गेल्यावर सांगितलं. त्यांनी संहिता मागून घेतली आणि दोन दिवस स्वतःजवळ ठेवली. तिसऱ्या दिवशी विचारलं, “हा देव शेवटपर्यंत काहीच शिकत नाही ना?”

“नाही.”

“मग कर.”

संहिता परत आली तेव्हा तिच्यात पेन्सिलीने चार ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेले होते. सरांनी शाळेच्या कपाटातून शब्दकोश काढला, चारही शब्द पाहिले, शब्दकोश बंद केला आणि म्हणाले, “चला, तालीम सुरू करा.” त्या दिवशी ते कुणावरच ओरडले नाहीत.

कॉम्प्युटर मिळाला पेठेतल्याच एका क्लासच्या मालकांकडून. बिघडलेला मॉनिटर द्यायला ते लगेच तयार झाले, पण एक अट होती. नाटकात देवाने कॉम्प्युटर शिकून पास व्हायचं. “देवच नापास झाला तर आमच्याकडे कोण येईल?” असा त्यांचा बिनतोड मुद्दा होता. सर ऐकेनात. बऱ्याच ओढाताणीनंतर असं ठरलं की देव नापासच होईल, पण नापास झाल्यावर “क्लास लावायला हवा होता” असं एकदा म्हणेल. नाटकातलं तेवढं एक वाक्य सरांचं नव्हतं, आणि प्रयोगात टाळ्या त्यालाच जास्त पडल्या.

हौशी संस्थांना नाट्यगृहाची तारीख मिळते ती रविवारी सकाळची. मी पाठीला पंख बांधून मोपेडवर निघाले, कारण ते रिक्षात मावत नव्हते. स्वारगेटच्या चौकात सिग्नल लागला. हवालदाराने मला नीट न्याहाळलं आणि म्हणाला, “बाई, तुम्हाला सिग्नल कशाला लागतो?” पुण्यात पोलीसही असे बोलतात, पावती फाडली असती तर बरं वाटलं असतं.

प्रयोग झकास झाला. जिथे आम्ही हशा धरला होता तिथे आलाच, जिथे धरला नव्हता तिथेही आला. पांढरी दाढी, मुकुट, जरीचं पीतांबर या वेषात तो इतका शोभत होता की विंगेत उभ्या असलेल्या मलाच अधूनमधून विसर पडायचा की याच्याशी उद्या कँटीनमध्ये भाजीवरून वाद घालायचाय.

घोळ झाला तो पडदा पडल्यावर. लोक भेटायला रंगपटात आले. तो खुर्चीवर बसून मुकुटाच्या पिना काढणारं कुणी येतंय का याची वाट बघत होता. साठीच्या एक बाई पुढे झाल्या आणि वाकून सरळ त्याच्या पाया पडल्या. तो दचकला.

“अहो, मी ड्राफ्ट्समन आहे.”

“असू दे हो. मुलाचा व्हिसा अडकलाय, तेवढं बघा.”

बाई थट्टेने म्हणाल्या असाव्यात, निदान अर्धं तरी. पण त्यांच्या मागे दुसऱ्या बाई वाकल्या, मग एक गृहस्थ. बघता बघता रांग लागली. त्या रांगेत कॅशियरच्या आईही होत्या. टिंगल नको म्हणणाऱ्या त्या माउलींनी देवाच्या पावलांवर डोकंच टेकवलं आणि नातीसाठी स्थळ मागितलं. मी पंख सावरत कौतुकाने बघत होते. माणूस मी शोधून आणला होता ना!

रांग संपल्यावर मुकुट निघाला, दाढी निघाली. व्हिसावाल्या बाई अजून तिथेच होत्या. “काय सुंदर काम केलंत हो! आणि भाषा किती स्वच्छ! आडनाव काय आपलं?”

त्याने सांगितलं.

“अस्सं,” बाई म्हणाल्या. या शब्दाचे किती अर्थ होतात ते पुण्यात जन्म काढलेल्यालाच कळतं. मग त्या पर्स उघडून रुमाल शोधायला लागल्या, तो सापडेना तेव्हा “बराय, येते” म्हणून निघून गेल्या. मी ऐकलं. कॅशियरनी ऐकलं, सरांनी ऐकलं. आम्ही तिघेही एकदम सामान आवरायला लागलो. आपण तेव्हा काहीतरी बोलायला हवं होतं, हे मला घरी जेवताना सुचलं.

दारात त्याचे वडील उभे होते. पांढरा शर्ट, खिशाला पेन. ते केव्हापासून उभे होते कुणास ठाऊक. आडनावाबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. ती त्यांना नवी गोष्ट नसावी. मुलाला त्यांनी वेगळंच विचारलं.

“लोक पाया पडत होते तेव्हा तू काय करत होतास?”

“बसलो होतो, बाबा. मुकुट डोक्यात रुतला होता, उठता येईना.”

“मुकुट डोक्यावर होता. पाय मागे घेता येत नव्हते?”

त्याने आता पाय खुर्चीखाली घेतले.

“कुणापुढे वाकायचं नाही, हे मी तुला शिकवलं. दुसऱ्याला आपल्यापुढे वाकू द्यायचं, हे कुठे शिकलास?”

सर मध्ये पडले. “अहो, नमस्कार भूमिकेला होता. यांना नव्हता.”

“पाय तर याचेच होते ना, गुरुजी?” वडील म्हणाले.

बापलेक निघून गेले. सोमवारी त्याने मला सांगितलं की खडकीपर्यंत बसमध्ये बाबा खिडकीबाहेर बघत बसले होते.

पुढचा प्रयोग दोन आठवड्यांनी होता. तालमीला आल्या आल्या तो म्हणाला, “सर, शेवटी मी मुकुट आणि दाढी स्टेजवरच काढणार. सगळ्यांसमोर.”

“रसभंग होईल.”

“होऊ दे.”

“असं कुठल्या नाटकात करतात?”

“नसेल करत कुणी. मला करायचंय. नाहीतर दुसरा देव बघा.”

सरांनी आमच्याकडे पाहिलं. कॅशियर फरशी बघत होते, दुकानवाले फळा बघत होते, डॉक्टरांना तेवढ्यात पेशंटची आठवण झाली. तीस वर्षांत सरांना असं कुणी अडवलं नव्हतं. “निदान पाठमोरे होऊन काढा,” ते शेवटी म्हणाले.

तो पाठमोरा झाला नाही. दुसऱ्या प्रयोगाला पडदा पडायच्या आधी तो दोन पावलं पुढे आला, मुकुट काढून मॉनिटरवर ठेवला आणि दाढी ओढली. डिंक घट्ट बसला होता. अर्धीच दाढी निघाली. सभागृह कोसळलं. लोकांना वाटलं, हाही नाटकाचाच भाग. त्याने दुसरा झटका दिला, कळवळला, आणि उघड्या लाल हनुवटीने हात जोडून उभा राहिला. त्या दिवशी रंगपटात पुष्कळ लोक आले, हातात हात घेऊन बोलले, टायमिंगचं कौतुक केलं. वाकलं मात्र कुणी नाही. सगळ्यांत शेवटी त्याचे वडील आले. त्यांनी हात पुढे केला, मुलाने तो घेतला. “हनुवटीला खोबरेल लाव,” वडील म्हणाले. सर कोपऱ्यात बसून संहितेत दाढी काढण्याची सूचना लिहीत होते, स्वतःलाच सुचल्यासारखी.

तिसरा प्रयोग झाला नाही. ज्या रविवारची तारीख आम्ही मागत होतो तो एका सॉफ्टवेअर कंपनीने स्नेहसंमेलनासाठी आधीच घेतला होता, आणि मग पुढचेही.

दुसऱ्या वर्षी सरांनी कौटुंबिक नाटक बसवायला घेतलं. कामं वाटली. त्याच्या हातात कागद दिला तो घरगड्याचा. प्रवेश तीन, वाक्यं पाच, त्यातली दोन “जी मालक”. त्याने कागद शांतपणे वाचला.

“सर, देवावरून एकदम गड्यावर? मधलं काही नाही का?”

वर्गात कुणी हसलं नाही. कॅशियर खाकरले. पण या वेळी मी गप्प बसले नाही. म्हटलं, “सर, वकिलाचं काम अजून कुणाला दिलं नाहीये.” सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि कागद बदलून दिला. गड्याचं काम डॉक्टरांकडे गेलं. त्यांनी पेशंटचं कारण सांगून पाहिलं, पण सरांनी ऐकलं नाही.

वकील तो बरा झाला, देवाइतका नाही. दुसऱ्या अंकात उलटतपासणीच्या ऐन वेळी वाक्य विसरला, पण त्याने छताकडेही पाहिलं नाही आणि प्रॉम्प्टरकडेही नाही. सरळ साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या मला म्हणाला, “बाई, पुढे काय झालं ते तुम्हीच सांगा.” मी सांगितलं.