वॉर्डाचं दार

वॉर्ड ऑफिसात तीस वर्षं काढलेल्या माणसाकडे पेन्शनपेक्षा किस्सेच जास्त साठतात. निम्मे सांगता येत नाहीत, कारण त्यातले साहेब माझ्याच बिल्डिंगीत राहतात. हे मात्र एकाच दाराचे आहेत, आणि ते साहेब केव्हाच बदलून गेले.

* * *

संप मोडून आठ-दहा वर्षं झालेली. परळच्या गिरण्या बंद, अर्थव्यवस्था खुली! अशात वरून परिपत्रक आलं: आर्थिक विकेंद्रीकरण. किरकोळ खर्च आता वॉर्डानेच ठरवायचा. साहेबांनी पेढे वाटले. खर्चाआधी हेड ऑफिसची मंजुरी घ्यावी, ही शेवटची ओळ त्यांनी पेढे संपल्यावर वाचली.

* * *

पहिला अर्ज परबकाकूंचा. नवरा गिरणीत फिटर, संपापासून घरी. चाळीमागच्या सार्वजनिक संडासाला बायकांच्या बाजूने दारच नव्हतं, नुसतं गोणपाट. बाहेर चाहूल लागली की आतलीने खाकरायचं, हा तिथला नियम. काकूंची मुलगी वयात आलेली. जावं लागू नये म्हणून ती दिवसभर पाणी पीत नसे. हे सांगताना काकू टेबलाकडे बघत होत्या. मला लाज वाटली.

साहेबांनी अर्जावर लिहिलं, 'तत्त्वतः मान्य'.

* * *

हेड ऑफिसने विचारलं, दार म्हणजे दुरुस्ती की नवीन बांधकाम? जुनं दार असेल तर दुरुस्ती, ती वॉर्डाच्या अधिकारात. नसेल तर नवीन काम, ते वरच्यांच्या. थोडक्यात, आधी दार असतं तर दार मिळालं असतं!

* * *

मार्च आला. उरलेला निधी परत जाणार, म्हणून सगळ्यांची धावपळ. उरलं होतं ते फक्त सुशोभीकरण आणि कार्यालयीन देखभाल या दोन खात्यांत. पहिल्यातून संडासासमोर क्रोटनच्या दोन कुंड्या आल्या. दुसऱ्यातून साहेबांच्या केबिनला सागवानी दार बसलं. काकू दोन्ही बघून घरी गेल्या. मला वाटलं, थकल्या बिचाऱ्या.

* * *

एप्रिलात साहेब हेड ऑफिसला मीटिंगला गेले. विषय विकेंद्रीकरणच. जेवणाच्या सुट्टीत काकू आल्या, मागे हत्यारांची पिशवी घेऊन परब. त्यांनी दहा मिनिटांत केबिनच्या दाराच्या बिजागऱ्या सोडवल्या. आम्ही सगळे डब्यात डोकं घालून जेवत होतो. इतकं मन लावून आम्ही कधीच जेवलो नव्हतो.

काकूंनी रिकाम्या चौकटीला आपलं गोणपाट बांधलं, दोन्ही बाजूंना संडासासमोरच्या त्या कुंड्या आणून ठेवल्या आणि मला म्हणाल्या, "दार वॉर्डाचं, संडास पण वॉर्डाचा. मी काय घरी नाय नेत."

साहेब चार वाजता आले आणि गोणपाट सारून आत जाऊन बसले. थोड्या वेळाने मी सहीची फाइल घेऊन गोणपाटापाशी उभा राहिलो.

आतून साहेब खाकरले.