बेल्जमचा सरंगा

सोनाबाई मासळीच्या बाबतीत सर्रास खोटं बोलते. बर्फात झोपून झोपून कंटाळलेला बांगडा "आताच बोटीवरना उतारलाय" म्हणून माझ्या गळ्यात मारते, आणि मी कल्ला उचलून बघितला की "वैनी, तुमचा इस्वासच नाय" म्हणत उलट माझ्यावरच रुसते. नवीन पनवेलला आमच्या सोसायटीच्या फाटकापाशी तिची जागा ठरलेली. गाव उरणकडचं, खाडीवरचं. मी तिच्याशी रोज भांडते आणि दुसऱ्या कुणाकडून मासे घेत नाही.

आमच्या घरात मात्र खोटं चालत नाही, कारण घरात अविनाश आहे. माझा नवरा. बँकेतून निवृत्त झाला आणि जुन्या काचेच्या नादी लागला. भंगारवाल्यांकडून फुलदाण्या, दिव्यांच्या काचा, अत्तराच्या कुप्या आणतो आणि ज्यांच्यावर कसलाच शिक्का नाही त्या कुठल्या, हे शोधत बसतो. बूड उलटं करून बोट फिरवतो, भिंगातून आतले बुडबुडे बघतो, पडदे ओढून जांभळा दिवा धरतो आणि कुठला रंग कसा पेटतो ते पाहतो. त्याच्यासमोर 'बेल्जियम' हा शब्द काढायची चोरी. आपल्याकडे आजोबांच्या काळातली कुठलीही काच चकाकली की ती बेल्जियमची! शेजारच्या समीक्षाने सत्यनारायणाच्या दिवशी सासरची बेल्जियमची हंडी कौतुकाने दाखवली, तर ह्याने मान वर करून "फिरोजाबाद" असा निकाल दिला. तेव्हापासून तिकडून प्रसादसुद्धा येत नाही. कधीतरी गोड खोटं बोलायला काय जातं, म्हणून मी त्याच्याशी आयुष्यभर वाद घातलाय.

एकदा दुपारी सोनाबाई वर आली. टोपली दाराबाहेर ठेवून तिने पदराआडून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. काचेचा सरंगा होता, म्हणजे आपलं पापलेट. तळहाताएवढा, हिरवट, पोटात एक लाल रेघ आणि शेपूट अशी वळलेली की हातातून आत्ता सुळकन निसटेल.

"भाऊ, यो कुठला ता सांगा," ती अविनाशला म्हणाली. "पन खराच सांगा. मना खराच पायजे."

मग तिने सगळं सांगितलं. तिच्या गावापासून खाडीपलीकडे एक काच कारखाना होता. आता तिथे टॉवर झालेत. तिचा नवरा दादू ठेकेदाराच्या हाताखाली तिथे लागला. आधी वाळू चाळायला होता, मग भट्टीवर गेला आणि हातात फुंकणी आली. पाळी संपली की तळाशी उरलेल्या काचेतून कामगार आपापल्या पोरांसाठी मासे ओढायचे. साहेबसुद्धा शोकेसमध्ये ठेवायला मागून न्यायचे. गावात घरोघरी असा एक तरी मासा होता. पुढे कारखाना बंद पडला आणि माणसं छातीत वाळू घेऊन घरी आली. दादू शेवटी शेवटी पाणी प्यायला उठला तरी धापा टाकायचा. तो गेल्यावर गावाने परस्पर ठरवून टाकलं की दारूने गेला. दादू होळीला घ्यायचा, नाही असं नाही. पण होळीत पिऊन कोणी असं सुकत नाही.

सोनाबाईने कंपनीवर दावा लावला होता. कंपनीचं एकच उत्तर होतं: या नावाचा माणूस आमच्या फाटकातून कधी आत आलाच नाही.

"धुलीन् मेला, दारून् नाय," सोनाबाई म्हणाली. "एवढा कुनीतरी मोठ्यान् बोलाला पायजे, भाऊ. मना बाकी काय नको."

अविनाशला असं काम आयुष्यात मिळालं नव्हतं. तो मुंबईत जुनी जहाजं मोडतात त्या दारूखान्यापर्यंत भंगारबाजार पालथे घालून आला आणि शेवटी जहाजाच्या कंदिलाची एक लाल काच घेऊन आला, जिच्या कडेला त्या कंपनीचा शिक्का होता. सोनाबाईला वर बोलावून पडदे ओढले. दोन्ही काचा शेजारी ठेवून जांभळा दिवा लावला. कंदिलाचा लाल रंग निखाऱ्यासारखा पेटला, आणि माशाच्या पोटातली रेघही तशीच पेटली. न वितळलेले बारीक खडेही दोन्हींत सारखेच.

"हंड्रेड परसेंट! त्याच भट्टीची काच," अविनाश जवळजवळ ओरडला.

सोनाबाईला खड्यांचं काही कळलं नाही. तिने अंधारात ती लाल रेघ पाहिली आणि तोंडाला पदर लावला. "भट्टीच दिसली गो मना," ती म्हणाली. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. घेतलंही. मासळीचा वास दुसऱ्या दिवसापर्यंत गेला नाही आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

सुनावणीला आम्ही दोघं तिच्याबरोबर गेलो. अविनाशने दोन्ही काचा टेबलावर मांडल्या, दिवा लावून दाखवला, भिंग अधिकाऱ्यांच्या हातात दिलं. कंपनीचा वकील मान डोलवत शांतपणे ऐकत होता.

"मान्य आहे," तो म्हणाला. "काच आमचीच."

सोनाबाईने माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, जिंकलो.

"आता मला एवढंच सांगा," वकील पुढे म्हणाला, "आमचा माल फाटकाबाहेर आला कसा? पावती आहे? गेटपास आहे? कामगार म्हणून या माणसाचं नाव कुठेच नाही. म्हणजे माणूस बाहेरचा आणि माल आमचा. याला काय म्हणतात ते साहेबांनीच ठरवावं."

सोनाबाई ताडकन उठली. "चोर व्हता तं फुंकनी कुनी धरली? यो मासा काय आबालातना परला?"

"फुंकणी कुणीही धरली असेल, बाई," वकील हसून म्हणाला. "माशावर नाव आहे का कुणाचं?"

मी अविनाशकडे बघितलं. त्याने दिवा बंद केला. शिक्का नसलेल्या वस्तूची भट्टी सांगता येते, हात सांगता येत नाही. हे त्याला आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं ठाऊक होतं. मला त्या वकिलाच्या अंगावर ती कंदिलाची काच फेकावीशी वाटली.

दावा फेटाळला गेला. मासा परत मिळाला, कारण त्याची किंमत कुणालाच नव्हती. पण कंपनीने ऐकलं होतं की गावात असे मासे घरोघरी आहेत. त्यांची दोन माणसं गाडी घेऊन गावात आली आणि कुणाच्या घरी आमचा माल आहे, अशी चौकशी करून गेली. रात्र व्हायच्या आत गावातले सगळे काचेचे मासे खाडीत गेले. दादूच्या खांद्याला खांदा लावून भट्टीवर उभी राहिलेली माणसं सांगू लागली, आमी कवा गेलोच नाय तिथं. सोनाबाईला बायका तोंडावर बोलल्या की तुझ्यापायी आमच्या दारात गाडी आली. आधी दादू दारुडा होता, आता चोर झाला. करायला गेलो काय आणि झालं काय! आम्ही म्हणजे मी आणि अविनाशनेच केलं हे. सोनाबाई तसं एकदाही म्हणाली नाही, त्यामुळे जास्तच लागलं.

गोष्ट तिथेही थांबली नाही. तिचा मुलगा शैलेश बंदरावर कंटेनर यार्डात कामाला आहे. तिथला मुकादम त्याला 'चोराचा पोर' म्हणू लागला. फाटकावर त्याचा डबा उघडून बघायला लागले. शेवटी मुकादमाने सांगितलं, खरं काय ते कळेपर्यंत येऊ नकोस.

सोनाबाई आमच्याकडे आली ती टोपली न घेता, शैलेशला बरोबर घेऊन. फडक्यातला मासा तिने टेबलावर ठेवला. खाली बस म्हटलं तरी बसेना.

"भाऊ," ती म्हणाली, "येकदा बोला ना, बेल्जमचा हाय."

अविनाशला आधी कळलंच नाही. मग तो म्हणाला, "सोनाबाई, अहो, हा दादूने केलाय."

"मना ठाव हाय. मुकादमाला नको ठाव. दादून् यो जत्रेतना इकत आनला, असा मी सांगितलाय. तुमी फकस्त बोला, हितला नाय म्हनून. तुमचा इस्वास ठेवतील."

शैलेशने मान खाली घालून मुकादमाचा नंबर लावला आणि फोन पुढे केला. अविनाशने माझ्याकडे पाहिलं. गोड खोटं बोलायला काय जातं, असं इतकी वर्षं म्हणत आलेली मी भिंतीकडे बघत राहिले. त्याने फोन घेतला.

"हो, मीच. मीच तपासलाय तो," तो म्हणाला. आवाज बँकेतल्यासारखा सरळ होता. "आधी माझी चूक झाली. बेल्जियमचा आहे." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "छे, छे. आपल्याकडच्या कामगाराला असलं काम जमणं शक्यच नाही."

फोन ठेवून तो आत गेला आणि दार लोटून घेतलं. सोनाबाई मासा फडक्यात बांधत होती. गाठ मारता मारता थांबली, फोन नक्की बंद झालाय ना ते शैलेशला खुणेनं विचारलं, आणि माशाच्या शेपटीवरून अंगठा फिरवत मला हळूच म्हणाली, "जमत व्हता, वैनी. त्याला लय चांगला जमत व्हता."