जाळीला चिकटलेलं पान

गॅरेजवाल्याने लेकीची गाडी चालू ठेवून रेडिएटरच्या जाळीसमोर कागद धरला. आतल्या पंख्याने हवा ओढली, कागद जाळीला चिकटला आणि मला कुठूनसा मोहाच्या फुलांचा वास आला.

ऐंशीच्या दशकातली, मोह गळायच्या दिवसांतली सकाळ. मला कळा सुरू झाल्या होत्या. शेजारचे महादूभाऊ मला त्यांच्या जीपने कुरखेड्याच्या दवाखान्यात नेत होते. मधल्या जंगलात इंजिन तापलं, वाफ निघाली. गाडी बंद करून त्यांनी पंख्याच्या पट्ट्यावर अंगठा दाबून पाहिला.

"पट्टा ढिला झाला बाई. पंखा धड फिरून नाई राह्यला."

त्यांनी पट्टा ताणून, इंजिन निवल्यावर पाणी भरेपर्यंत मी मोहाखाली बसले. फुलं पदरात पडत होती, केसांत अडकत होती. दोन कळांच्या मधे सगळं रान गोड, धूसर होऊन दूर जायचं आणि परत यायचं. मग त्यांनी जीप सुरू केली आणि पळसाचं वाळकं पान उचलून जाळीपुढे धरलं.

"भाऊ, इथी माहा जीव चाल्ला अन् तुमी पानाशी खेळून राह्यले?" मी ओरडले.

पान जाळीला चिकटलं. "ओढते हवा," ते म्हणाले. "चाला बाई."

दुपारी लेक झाली.

किती निवांत माणूस, असं तेव्हा वाटलं होतं. आज दिसतं, की जाळीजवळ जायच्या आधीच त्यांच्या हातातलं ते पान थरथरत होतं. आणि रानात वारा मुळीच नव्हता.