खैरूनकाकूंचा उंबरठा

अमेरिकेत हर्नडनच्या एका मशिदीत रविवारी सकाळी वर्गाच्या मधोमध एक दार आणून उभं केलं जायचं. खरंखुरं दार, चौकटीसकट. कुणाच्या तरी घराच्या दुरुस्तीत निघालेलं ते दार खैरूनकाकूंचे यजमान शमशुद्दीन मापारींनी मागून टेकू ठोकून उभं राहील असं केलं होतं. ना भिंत, ना छप्पर. रंगमंचावर असतं तसं नुसतं दार, आणि त्यापुढे पंधरा-वीस मुलं.

"चला, सलोनी, तू पाहुणी," खैरूनकाकू म्हणायच्या. "दाराच्या समोर नाही उभं राहायचं. बाजूला. आतलं दिसता कामा नये. आता सलाम कर. उत्तर नाही आलं? पुन्हा. अजून नाही? तिसऱ्यांदा. आता काय करशील?"

"परत जाईन."

"रागावून?"

"नाही."

"शाब्बास!"

कुराणातल्या सूरह नूरमध्ये ते सांगितलं आहे, असं त्या मग मुलांना सांगत. दुसऱ्याच्या घरात परवानगीवाचून, घरच्यांना सलाम केल्यावाचून शिरू नका. आणि 'परत जा' म्हटलं तर परत फिरा, तेच अधिक पवित्र. एवढं झालं की दुसरा प्रवेश. एका मुलाच्या डोक्यावर पोलिसाची कागदी टोपी चढायची आणि काकूंच्या पिशवीतून संविधानाची खिशात मावणारी पुस्तिका निघायची. चौथी दुरुस्ती. ह्या टोपीवाल्याला आत यायचं तर आधी न्यायाधीशाची सही आणावी लागेल.

"बट आंटी, व्हॉट इफ ही इज इन अ हरी?" एका मुलीनं विचारलं होतं.

"घाई सगळ्यांनाच असते, बाळा. म्हणून तर लिहून ठेवावं लागतं."

खैरुन्निसा मापारींनी खेड तालुक्यातल्या एका हायस्कुलात सव्वीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं होतं. वीस गुणांचा विषय; मुलं परीक्षेच्या आदल्या दिवशी वाचायची आणि परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरायची. काकूंच्या वर्गात मात्र ते जमायचं नाही. त्या वर्गात कोर्ट भरवायच्या, साक्षीपुरावे व्हायचे. एकदा तर त्यांनी मुख्याध्यापकांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं, आणि त्या भल्या माणसानंही हात जोडून "मला वकील द्या" म्हटलं होतं. काय दिवस होते ते! पावणेदोनशे मुलं व्हरांड्यात कोंडाळं करून निकाल ऐकायला थांबलेली.

शमशुद्दीन तेव्हा जहाजावर भंडारी होते. वर्षातले दहा महिने दर्यावर चाळीस खलाशांचा स्वयंपाक, दोन महिने घरी. पुढे भावाच्या आधारानं दोघं अमेरिकेत आली. शमशुद्दीननी विमानतळाजवळच्या एका हॉटेलच्या मुदपाकखान्यात नोकरी धरली, काकूंनी घरून डबे दिले. नागरिकत्वाच्या मुलाखतीत दहापैकी सहा उत्तरं बरोबर आली की अधिकारी थांबतात. सहा झाल्यावर तो थांबला, तर काकू म्हणाल्या, "सर, उरलेले चार प्रश्नही विचारा ना. पाठ केलेत." त्यानं हसत हसत विचारले.

पुण्या-नागपूरकडची आयटीतली मंडळी कधीमधी विचारायची, "काकू, कुराण आणि कॉन्स्टिट्यूशन तुम्ही एकाच पिशवीत कसं ठेवता हो?"

"दोन्ही एकच आहेत असं मी कुठं म्हणते? एक माझं मन बांधतं, दुसरं सरकारचे हात. पण दाराशी आलं की दोघांची गाठ पडते."

त्यांच्या तळघरातल्या खोलीत शिवांगी राहत होती. नागपूरची, सत्तावीस वर्षांची, प्रोग्रॅमर. कंपनीनं माणसं कमी केली त्यात तिची नोकरी गेली, दुसरी मिळण्याआधीच व्हिसाची मुदत टळली. सरकारनं तिला कोर्टात हजर राहायची नोटीस पाठवली, पण ती गेली तिच्या जुन्या अपार्टमेंटवर. तारीख आली, शिवांगी हजर नव्हती, आणि न्यायाधीशांनी तिच्या पाठीमागे तिला देशाबाहेर धाडायचा हुकूम दिला. तिला हे कळलं तेव्हा तीन आठवडे उलटून गेले होते. तिची वकील होती केया. इथेच जन्मलेली, काकूंच्या डब्यांवर कॉलेज काढलेली. केया सोमवारी अर्ज दाखल करणार होती की नोटीस मिळालीच नाही, हुकूम रद्द करा. अर्ज एकदा कोर्टात पडला की त्याचा निकाल लागेपर्यंत शिवांगीला देशाबाहेर पाठवता येणार नव्हतं. प्रश्न सोमवार गाठायचा होता.

आणि ते शनिवारी सकाळीच आले.

शमशुद्दीन घावणे घालत होते. बेल वाजली तसं हातात उलथणं घेऊनच ते गेले आणि दार उघडलं. बाहेर जॅकेटवर इमिग्रेशन खात्याची अक्षरं असलेले दोघं, एक पुरुष, एक बाई. शमशुद्दीनच्या दारातून पन्नास वर्षांत कुणी उभ्यानं परत गेलं नव्हतं. तोंडातून सवयीनं निघून गेलं, "कम इन, कम इन! चाय?"

त्या पुरुषानं पाऊल उचललं.

"थांबा!"

काकू जिन्यावर होत्या. शेवटच्या बाकावरच्या मुलाच्या हातातला खडू खाली पडावा असा तो आवाज होता. उचललेलं पाऊल होतं तिथेच राहिलं. काकू खाली आल्या, नवऱ्याच्या पुढे झाल्या, आणि चौकटीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. इंग्रजी त्यांचं सावकाश होतं, पण स्वच्छ.

"आपलं काय काम आहे?"

बाईनं कागद पुढे धरला. काकूंनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला. शिवांगीचं पूर्ण नाव होतं, खाली एक सही होती.

"ही सही न्यायाधीशाची नाही."

"आमच्या कार्यालयाचं वॉरंट आहे, मॅम."

"म्हणजे तुम्हीच मागितलं आणि तुम्हीच दिलं."

पुरुष म्हणाला, "तुमच्या पतींनी आम्हाला आत बोलावलंय."

"बोलावलं. ते फार चांगले आहेत. पण मीही ह्याच घरात राहते, आणि मी नाही म्हणते."

मागे तव्यावरून जळका वास येऊ लागला. कुणीही हललं नाही.

"ती आत्ता घरात आहे का?" बाईनं शांतपणे विचारलं.

आता खरी परीक्षा. 'नाही' म्हटलं की झालं. एवढासा शब्द, दोघं निघून जातील. पण आयुष्यभर मुलांना साक्षीच्या पिंजऱ्यात उभं करणाऱ्या ह्या बाईला खोटी साक्ष देता येईना. कुराणानं तो मार्ग बंद करून ठेवला होता. आणि खरं बोलावं, तर पायाखालच्या फळीच्या खाली ती पोरगी श्वास रोखून उभी होती.

"ह्याचं उत्तर मी देणार नाही."

"म्हणजे ती आहे."

"म्हणजे मी उत्तर देणार नाही. तेवढा हक्क मला ह्या देशानं दिलाय." चौकटीवरचा हात त्यांनी काढला नाही. "आमच्या ग्रंथात घरधन्यानं 'परत जा' म्हटलं की परत जातात. तुमच्याही कायद्यात तेच आहे. मी तुम्हाला आदरानं सांगते, परत जा."

 बाईनं कागदाची घडी घातली. "हॅव अ गुड डे, मॅम," म्हणाली, आणि दोघं पायऱ्या उतरली. त्यांची गाडी समोर चाळीस मिनिटं उभी होती, मग गेली.

शमशुद्दीन खुर्चीत बसून होते. "दारातून माणूस परत धाडलास, खैरून."

"पाहुणे होते ते?"

"मी काय केलं ते मला कळलंय," ते म्हणाले. "पण आपल्याकडेही नागरिकत्वाचे कागदच आहेत. कागदानं दिलेलं कागदानं काढून घेता येतं. ह्या वयात कुठं जायचं आपण?"

काकू जळका तवा घासायला लागल्या. तीच भीती त्यांनाही होती.

तोवर शिवांगी बॅग घेऊन वर आली. डोळे सुजलेले. "काकू, मी जाते. कुठल्यातरी मोटेलमध्ये राहीन. तुम्हाला त्रास नको."

"खाली ठेव ती बॅग. आधी केयाला लाव फोन."

केया स्पीकरवर आली. "काकू, यू डिड व्हॉट? ओ माय गॉड! नाही नाही, करेक्ट केलंत. एक जण 'या' म्हणाला आणि दुसरा दारात उभा राहून 'नाही' म्हणाला, तर 'नाही' हेच चालतं. सुप्रीम कोर्टानं कधीच डिसाइड केलंय. काकांना सांगा, गिल्टी नका फील करू."

"आता पुढं काय?"

"आता ते जजची सही घेऊन येऊ शकतात. मी बाहेरगावी आहे, सोमवारी पहाटे परत येतेय, नऊला दुसऱ्या केससाठी कोर्टात असेन. शिवांगी आठला माझ्या ऑफिसात आली, तर नोटरीसमोर सही घेऊन लगेच फाइल करते. नाहीतर संध्याकाळपर्यंत थांबावं लागेल. पण काकू, बाहेर रस्त्यावर ते तिला थांबवू शकतात, हां. घराचं प्रोटेक्शन रस्त्यावर नसतं."

फोन बंद झाला. घरात थांबावं तर सही येईल, बाहेर पडावं तर रस्ता.  शमशुद्दीन उठले, नमाजाआधीची वजू करून आतल्या खोलीत गेले. बऱ्याच वेळानं बाहेर आले ते कुराणाच्या पानात बोट घालून.

"खैरून, तुझी दाराची आयत झाली. आता माझी ऐक. अनेक देव मानणारा कुणी तुझ्याकडे आसरा मागत आला, तर त्याला आसरा दे, आणि मग त्याला त्याच्या सुरक्षित जागी पोचव."

शिवांगीनं नाक पुसत विचारलं, "अनेक देव मानणारा... म्हणजे मी, काका?"

"मग काय मी?" शमशुद्दीन म्हणाले. "खोलीत चार फोटो लावलेस, मी मोजलेत."

कितीतरी वेळानं तिघं हसली. मग ते गंभीर झाले. "नुसतं दार अडवून भागत नाही. पोचवायला सांगितलंय. सोमवारी गाडी मी चालवणार."

"तुम्हाला भीती वाटते ना?" काकूंनी विचारलं.

"वाटते की. भीतीनं स्टिअरिंग अडत नाही."

सोमवारी साडेसातला तिघं निघाली. शमशुद्दीननी ईदचं जॅकेट घातलं होतं. पंचेचाळीस मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर ते चाळीसनं चालवत होते, प्रत्येक पिवळ्या दिव्याला थांबत होते. मागे एक करडी गाडी लागली. काकूंनी शिवांगीचा हात हातात घेतला आणि ओठांत काहीतरी पुटपुटू लागल्या. शिवांगीही पुटपुटत होती, दुसरंच काहीतरी. दोन सिग्नलनंतर ती गाडी शाळेच्या दिशेनं वळली. आत दप्तरं दिसली.

केयाच्या ऑफिसात सही व्हायला चार मिनिटं लागली. केयानं कागद कोर्टाकडे ऑनलाइन चढवले, पडद्याकडे बघत राहिली, आणि म्हणाली, "झालं. कोर्टानं घेतलं. आता ह्याचा निकाल लागेपर्यंत तुला पाठवता येणार नाही."

"आणि निकाल विरुद्ध गेला तर?"

"आय डोन्ट नो, शिवांगी," केया म्हणाली. "पण ह्या वेळी तुझं ऐकून घेतील. एवढं नक्की."

गाडीत बसल्यावर शिवांगीनं फोन हातात घेतला. आईला तिनं नोकरी गेल्याचंसुद्धा सांगितलं नव्हतं. रोज 'सगळं मस्त' म्हणत होती. तिनं नंबर लावला. पलीकडून "हॅलो, शिवू?" एवढं ऐकू आलं, तशी काकूंनी नवऱ्याच्या दंडाला हात लावला. दोघं खाली उतरली, हलकेच दार ओढून घेतलं, आणि पार्किंगच्या पार त्या टोकाला, पाठमोरी जाऊन उभी राहिली.