ताडपत्रीखालचं मशीन

शेजारच्या शेडचे गुंजाळशेठ प्लग गेज मागायला आत शिरले, तेव्हा आमचे मालक भाऊ फरशीवर मांडी घालून जुनं ड्रिलिंग मशीन खोलत बसले होते. मशीन चांगलं धडधाकट होतं. खोलायचं नाटक सकाळपासून चालू होतं.

सुप्याच्या एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. मी तिथे क्वालिटी बघते. पुण्याच्या एका कंपनीला पंपाचे ब्रॅकेट हवे होते. शुक्रवारपर्यंत ज्याची सॅम्पल पास, त्याची ऑर्डर. ती हुकली असती तर आमच्या सहा ऑपरेटरना घरी बसवावं लागलं असतं. स्पर्धेत आम्ही आणि गुंजाळ, दोघंच. तरी गेजची देवाणघेवाण चालूच. प्लग गेज म्हणजे भोकाचं माप तपासायची दांडी. एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं अडलं पाहिजे.

“काय भाऊ, मशीन बंद पडलं व्हय?”

“मोटर गेली, शेठ. या आठवड्यात काय खरं न्हाई.”

भाऊंनी चेहरा असा पाडला, की खरं माहीत असून मलाच वाईट वाटलं. गुंजाळ हळहळत गेज घेऊन गेले. त्यांची पाठ वळताच आम्ही मागच्या नव्या मशीनवरची ताडपत्री काढली. गुंजाळ आता निवांत राहतील, असा आमचा डाव.

गुरुवारी सॅम्पल तयार झाली आणि कंपनीच्या इंजिनिअरचा फोन आला.

“मॅडम, तुमचं मशीन बंद आहे म्हणे. गुंजाळ म्हणाले, बिचाऱ्यांना आठवडाभर मुदत द्या. दोघांनाही वाढवून देतोय.”

मी घाईघाईनं म्हणाले, “नको सर! आमची सॅम्पल तयार आहेत.”

“बंद मशीनवर?”

“नवं घेतलंय, सर. उद्या येऊन बघा.”

ते आले. प्रत्येक भोक तपासलं, नवं मशीन चालवून घेतलं आणि ऑर्डर आम्हाला दिली. मला तर नाचावंसं वाटत होतं.

संध्याकाळी गुंजाळ अभिनंदनाला आले. भाऊ ओशाळले. “माफ करा, शेठ. तुमी आमच्यासाठी मुदत मागितली, अन् आमी हे असलं.”

“तुमच्यासाठी?” गुंजाळ खो खो हसले. “सोमवारपास्नं माझंच मशीन बंद हाय! मुदत मला पायजे हुती, नाव तेवढं तुमचं घातलं.”

एक गोष्ट मात्र मी शिकले. दुबळेपणाचं सोंग शेजाऱ्यापुरतं राहत नाही, गिऱ्हाइकापर्यंत पोचतं. आता भाऊ पाना घेऊन फरशीवर बसले, की मी आधी कंपनीला फोन करते, “सर, काही ऐकलंत तर मनावर घेऊ नका.”